उकांबानीतल्या एका गटाला हात द्यायचा तर: नवख्यांसाठी पायऱ्या

वर्षातून दोन-तीनदा तरी असा फोन येतो. पलीकडची व्यक्ती नुकतीच नैरोबीला कंपनीच्या कामासाठी जाऊन आलेली असते, नाहीतर मसाई मारा पाहून. "आम्ही चार मित्र मिळून आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी काहीतरी करायचं म्हणतोय. सुरुवात कुठून करू?" मी विचारते, "कुठल्या खेड्यासाठी?" मग तिकडे जरा शांतता पसरते.

आमचा गट सात जणांचा. तिघं पुण्यात, दोघं नैरोबीत, दोघं इंग्लंडात. मोठा निधी नाही, कार्यालय नाही. केनियातल्या उकांबानीत, मकुएनी भागात, एका नदीकाठच्या गटाबरोबर आम्ही वाळूच्या बंधाऱ्यांचं काम करतो, म्हणजे कोरड्या पडणाऱ्या नदीत भिंत घालून तिच्यामागच्या वाळूत पाणी साठवायचं. जे शिकलो ते बरंचसं चुकून शिकलो, म्हणून खाली पायऱ्यांच्या क्रमाने लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे. पैसा पाचव्या पायरीवर येतो, आणि नवीन मंडळी नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

पायरी १: एकच जागा धरा

आफ्रिकेत ५४ देश आहेत. एकट्या केनियात ४७ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग. त्यातला एक भाग निवडा आणि बाकीचा नकाशा घडी घालून ठेवून द्या. मी इथे फक्त उकांबानीबद्दल बोलते, म्हणजे अकांबा लोकांचा मुलूख: मचाकोस, मकुएनी आणि किटुई या तीन काउंट्या. नैरोबी-मोंबासा महामार्गाने निघालात की तासाभरात मचाकोसचा प्रदेश लागतो.

जागा धरली की आधी तिथला पाऊस समजून घ्या. वर्षाला दोन हंगाम. मार्च ते मे 'लांब पाऊस', ऑक्टोबर ते डिसेंबर 'छोटा पाऊस'. नावं फसवी आहेत. उकांबानीतला शेतकरी भरवसा ठेवतो तो छोट्या पावसावर. एक-दोन हंगाम कोरडे गेले की घरातल्या बाईचा अर्धा दिवस पाणी आणण्यात जातो. वीस लिटरचे पिवळे कॅन, गाढव असलं तर त्याच्या पाठीवर, नसलं तर स्वतःच्या. नदी आटलेली असते, पण वाळूखाली ओल असते. तिथे खड्डा करून वाटी-वाटीने पाणी भरतात. मराठवाड्यात-विदर्भात याला आपण झिरा म्हणतो. मी तिथे पहिल्यांदा झिरा पाहिला तेव्हा मला काही नवीन पाहिल्यासारखं वाटलंच नाही.

पिकंही ओळखीची. तुरीला स्वाहिलीत म्हणतात म्बाझी, मुगाला न्देंगू. हिरव्या तुरीचे दाणे तिथे आवडीने खातात. आपल्याकडच्या एखाद्या तूर पिकवणाऱ्या शेतकऱ्याला तिथे नेलं तर भाषा येत नसतानाही त्याच्या गप्पा तासभर चालतील.

पायरी २: गरज शोधू नका, गट शोधा

गरज कुठल्याही कोरड्या गावात दहा पावलांवर सापडते. सापडायला कठीण असतो तो चालता गट.

सुदैवाने केनियात गटांची वाण नाही. चामा म्हणजे बचतीचा किंवा कसलाही एकत्र येऊन केलेला गट. त्याचाच एक प्रकार 'मेरी-गो-राउंड' नावाने चालतो. दर महिन्याला सगळ्यांनी ठरावीक रक्कम घालायची आणि पाळीपाळीने एकीने उचलायची. ही आपली भिशीच. अकांबा लोकांत याहून जुनी पद्धत आहे म्वेथ्या. शेजाऱ्यांनी मिळून एकाचं शेत नांगरायचं, घर बांधायचं, मग दुसऱ्याचं. श्रमदान म्हणा, पण आपल्या श्रमदानात जो थोडा समारंभाचा वास येतो तो त्यात नाही. आज तुझ्या शेतात आले, उद्या माझ्या शेतात ये, इतका रोकडा हिशेब.

वाळूच्या बंधाऱ्यांचं काम उकांबानीत पसरलं तेही अशाच गटांतून. जोशुआ मुकुस्या यांनी १९७८ मध्ये उटूनी इथे शेजारच्या काही कुटुंबांना घेऊन स्वयंसाहाय्य गट उभा केला. त्यांच्याबरोबर काम करण्यासाठी ब्रिटनमध्ये एक्सलंट डेव्हलपमेंट ही छोटी संस्था निघाली ती २००२ मध्ये. मधली जवळजवळ पंचवीस वर्षं लक्षात ठेवा. गट आधी होता, बाहेरची संस्था मागून आली.

गट चालता आहे हे कसं ओळखायचं? मी पहिल्या भेटीत त्यांच्या योजनेबद्दल विचारत नाही. हजेरीची वही मागते. गेल्या सहा बैठकांना किती जण होते, न येणाऱ्याला दंड आहे का, आणि तो कुणी खरंच भरला आहे का. दंडाच्या रकान्यात एखाद्या पदाधिकाऱ्याचं नाव दिसलं तर माझा निम्मा विश्वास तिथेच बसतो. मग विचारते, शेवटचं भांडण कशावरून झालं? "आमच्यात भांडणं होत नाहीत" असं उत्तर आलं तर समजायचं की एकच माणूस गट चालवतो आहे. आणि शेवटचं, बाहेरून एक शिलिंगही न घेता तुम्ही काय केलंत? उकांबानीत याचं उत्तर बहुतेकदा डोळ्यांना दिसतं: उतारावरच्या शेतांचे टप्पे. याला ते फान्या जूऊ म्हणतात, अर्थ 'वर टाक'. उताराला आडवा चर खणायचा आणि माती चराच्या वरच्या अंगाला टाकायची. आपल्याकडे समतल चराची माती खालच्या अंगाला पडते, इथे उलट. वाहून येणारी माती त्या बांधाला अडते आणि काही वर्षांत शेत आपोआप सपाट होत जातं. एका गटाने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे असे टप्पे पुरे केले असतील, तर तो सिमेंटचंही नीट काहीतरी करेल.

गटाकडे बचतीची तीन कुलपांची पेटी असेल तर आणखी उत्तम. ही पद्धत १९९१ मध्ये नायजर देशातल्या मराडी भागात केअर या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या कामातून सुरू झाली आणि नंतर आफ्रिकाभर गेली. साधारण पंधरा ते पंचवीस जणी. दर बैठकीला प्रत्येकीने एक ते पाच 'शेअर' घ्यायचे, एका शेअरची किंमत गटाने ठरवायची. पैसे सगळ्यांसमोर मोजून पेटीत. पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या घरांत, पेटी चौथ्या घरात. कर्ज स्वतःच्या बचतीच्या तिपटीपर्यंत. नऊ-बारा महिन्यांनी पेटी पूर्ण रिकामी करून व्याजासकट वाटून टाकायची आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. आपल्या बचत गटांत बँक लवकर येते, इथे वर्षअखेरचं वाटप हाच हिशेबतपासनीस. पैसे कमी भरले तर ते त्या दिवशी सगळ्यांना कळतं.

या पेटीत बाहेरचा पैसा कधीही घालू नका. "आम्ही तुमच्या पेटीत थोडी भर घालतो" हे ऐकायला छान वाटतं, पण ज्या दिवशी पेटीत पाहुण्याचे पैसे पडतात त्या दिवसापासून कर्ज फेडण्याची शेजारणीची लाज संपते.

पायरी ३: जा, बसा, आणि 'बघू' म्हणू नका

गावात शिरण्याची एक रीत आहे. आधी असिस्टंट चीफला भेटायचं. हा पाटलासारखा वाटला तरी परंपरेने आलेला नसतो, सरकारने नेमलेला अधिकारी असतो. तो वाटल्यास बराझा बोलावतो, म्हणजे गावसभा. जाल तिथे पाहुण्यांची वही पुढे येते. शाळा, दवाखाना, चीफचं ऑफिस, सगळीकडे सही करायची. कंटाळू नका, नंतर तीच वही तुम्ही केव्हा आला होतात याचा पुरावा ठरते. बैठक प्रार्थनेने सुरू होते आणि प्रार्थनेनेच संपते. वयस्क पुरुषाला म्झे, बाईला मामा. नुसत्या नावाने हाक मारू नका. चहा दुधात उकळलेला, आपल्यासारखाच, साखर थोडी जास्त.

तुम्हाला तिथे कोण समजतात हेही माहीत असू द्या. तुम्ही म्हिंदी, म्हणजे भारतीय. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून रेल्वे टाकायला ब्रिटिशांनी सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून नेले. त्यांच्या मागोमाग व्यापारी गेले, आणि आजही तालुक्याच्या गावात हार्डवेअरच्या दुकानाचा मालक भारतीय वंशाचा असू शकतो. त्यामुळे गोऱ्या पाहुण्याकडे दाता म्हणून बघतात, तसं तुमच्याकडे दुकानदार म्हणून बघतील. मला हे सोयीचं वाटलं. दुकानदाराशी लोक घासाघीस करतात, दात्याशी करत नाहीत. स्वाहिलीतला पैशासाठीचा शब्द 'पेसा' आपल्या पैशावरून आला, गाडीला 'गारी' म्हणतात आणि चपातीला चपाती. एवढ्या भांडवलावर पहिला हशा मिळवता येतो.

आता माझी चूक. दुसऱ्या भेटीत एका बाईंनी विचारलं, शाळेला टाकी देता येईल का? मी म्हटलं, "तुताओना." म्हणजे बघू. मराठीत 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा नाही, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर कळलेलं असतं. तिथे बैठकीच्या इतिवृत्तात नोंद झाली: पाहुण्यांनी टाकीचं मान्य केलं. पुढच्या वेळी गेले तर टाकीसाठी ओटा बांधून तयार. दगड त्यांनी वाहिलेले, मजुरी त्यांची. टाकी आम्हाला द्यावीच लागली, आणि तिच्यासाठी दुसऱ्या कामाचे पैसे वळवावे लागले. तेव्हापासून नियम: पहिल्या दोन भेटींत कुठल्याही वस्तूबद्दल 'हो' नाही, 'बघू' नाही. "आज आम्ही फक्त ऐकायला आलो आहोत" हे वाक्य पाठ करून जा आणि बैठक संपताना इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा.

पायरी ४: संस्था काढायलाच हवी का?

बहुधा नको. चार मित्रांनी नवीन ट्रस्ट काढला की पहिलं वर्ष नोंदणी, पॅन, बँक खातं आणि बोधचिन्ह कुठल्या रंगाचं यात जातं. त्या भागात आधीच काम करणारी छोटी, नोंदणीकृत संस्था शोधा आणि तिच्याबरोबर एका कामाचा लेखी करार करा.

भारतातून पैसे पाठवणाऱ्यांना तीन गोष्टी माहीत हव्यात. एक, आपण ज्या एफसीआरएबद्दल ऐकतो तो कायदा परदेशातून भारतात येणाऱ्या देणगीसाठी आहे, बाहेर जाणाऱ्यासाठी नाही. दोन, निवासी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते आणि त्या मर्यादेत देणगीही बसते. तीन, परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातली ८०जी ची सवलत मिळत नाही. भारतीय धर्मादाय ट्रस्टने परदेशात केलेल्या खर्चाला करमाफी हवी असेल तर सीबीडीटीची, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची, परवानगी लागते, आणि ती सहज मिळणारी गोष्ट नाही. त्यामुळे आमचे पुण्याचे तिघं सवलतीची आशा न ठेवता स्वतःच्या नावाने पैसे पाठवतात.

इंग्लंडमध्ये वा वेल्समध्ये असाल तर मामला सोपा. वार्षिक उत्पन्न ५,००० पौंडांच्या आत असलेल्या साध्या संस्थेला चॅरिटी कमिशनकडे, म्हणजे तिथल्या धर्मादाय आयोगाकडे, नोंदणीची सक्ती नाही. कर खात्याची मान्यता घेतली तर गिफ्ट एडमधून कर भरणाऱ्याच्या दर पौंडामागे २५ पेन्स जादा मिळतात.

केनियात गावच्या गटाची नोंदणी समाजविकास खात्याकडे होते, त्यासाठी २०२२ चा सामुदायिक गट नोंदणी कायदा आहे. प्रमाणपत्र बघायला मागा, मुदत तपासा. मोठ्या संस्थांसाठी वेगळा सार्वजनिक हित संस्था कायदा आहे. तो २०१३ मध्ये मंजूर झाला आणि लागू व्हायला मे २०२४ उजाडलं. सरकारी कागद तिथेही आपल्यासारखाच चालतो.

पायरी ५: आता पैसा

आधी गटाचा वाटा लिहून काढा, मग तुमचा. बंधाऱ्याच्या कामात दगड, वाळू, पाणी वाहणं, खणणं, मजुरी हे गटाचं. सिमेंट, सळया, फुंडीची मजुरी आणि आखणी तुमची. फुंडी म्हणजे कसबी गवंडी. गटाच्या वाट्याचीही शिलिंगमध्ये किंमत लावा आणि तो आकडा कागदावर तुमच्या आकड्याच्या वर लिहा. आमच्या एका देणगीदाराने तो कागद पाहून विचारलं होतं, "मग आपण देतोय ते एवढंसंच?" हो, एवढंसंच.

अंदाजपत्रक शिलिंगमध्येच करा, रुपयांत किंवा पौंडांत नको, नाहीतर विनिमय दर पडला की सिमेंटच्या गोण्या कमी होतात आणि शिव्या फुंडी खातो. रक्कम एकदम पाठवू नका. पाया खणून खडक लागल्याचा फोटो आला की पहिला हप्ता, भिंत गुडघ्यापर्यंत आली की दुसरा. सिमेंट महिनाभर आधी घेऊन ठेवलं तर दगड होऊन बसतं, म्हणून हप्त्यांचा फायदा दुहेरी. बँक खात्यावर तीन सह्या असाव्यात आणि त्यातल्या निदान दोन बायकांच्या.

छोटे खर्च एम-पेसावरून होतात. ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा केनियात मार्च २००७ मध्ये सुरू झाली, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी. पैसे गेल्याचा संदेश हीच पावती. तो संदेश जपून ठेवायला सांगा आणि महिन्याच्या शेवटी वहीत उतरवून घ्या.

एका गोष्टीवर सुरुवातीलाच ठाम राहा. मोठ्या संस्थांच्या बैठकांना लोकांना 'प्रवासखर्च' किंवा जेवणाचे पैसे मिळतात, त्यामुळे तुमच्याही बैठकीनंतर कुणीतरी विचारेल. गटाच्या स्वतःच्या बैठकीला भत्ता देऊ नका. एकदा दिलात की पुढची बैठक तुमची होते, त्यांची राहत नाही. मात्र जो माणूस तुमच्या वतीने मोटरसायकलवरून फिरतो, हिशेब लिहितो, काउंटीच्या कार्यालयात खेटे घालतो, त्याला मोबदला द्या आणि चांगला द्या. "आमचे शंभर टक्के पैसे थेट गावात जातात" अशी फुशारकी मारणाऱ्या संस्थेत हा माणूस फुकट राबत असतो, नाहीतर तो नसतोच.

पायरी ६: वाळूचा बंधारा

आमचं मुख्य काम हेच, म्हणून इथे जरा थांबते.

पावसाळ्यात दोन-चार दिवस धो-धो वाहणारी आणि मग कोरडी पडणारी वाळूची नदी निवडायची. पात्राला आडवी, खडकावर घट्ट बसलेली दगड-सिमेंटची भिंत बांधायची. उंची एक मीटरपासून पाच मीटरपर्यंत, जागेप्रमाणे. पूर आला की पाण्याबरोबर वाळू येते. जड वाळू भिंतीमागे बसते, हलका गाळ पाण्याबरोबर भिंतीवरून निघून जातो. एक ते तीन-चार हंगामांत भिंतीमागची जागा वाळूने काठोकाठ भरते. पाहणाऱ्याला वाटतं, गेला बंधारा, भरून गेला! खरं काम तिथून सुरू होतं. त्या वाळूच्या कणांमधल्या पोकळीत पाणी साठतं, वाळूच्या एकूण आकारमानाच्या पाव भागापासून ते ४० टक्क्यांपर्यंत. वर वाळूची जाड गादी असल्यामुळे ऊन त्या पाण्यापर्यंत पोचत नाही, बाष्पीभवन फारच कमी. डासांना अंडी घालायला उघडं पाणी नाही, गुरं त्यात उतरत नाहीत, आणि वाळूतून पाझरताना पाणी बऱ्यापैकी गाळलंही जातं. आपल्याकडे बंधाऱ्यातला गाळ काढतात, इथे बंधारा भरावा म्हणून वाट बघतात. ही उलटी गोष्ट देणगीदारांना समजावता समजावता माझी पुरेवाट होते.

जागा कशी निवडायची? अभियंता हवाच, पण त्याच्या आधी गावातल्या म्हाताऱ्या बायकांबरोबर नदीतून चाला. सगळ्यात कोरड्या महिन्यात कुठला झिरा शेवटी आटतो, हे त्यांना पाठ असतं. तिथे खाली बहुधा खडक असतो किंवा पाणी न सोडणारा थर. मग लोखंडी सळई ठोकून खोली बघतात. काठ उंच आणि मजबूत हवेत, नाहीतर पूर भिंतीला वळसा घालून निघून जातो आणि कोरड्या पात्रात नुसती भिंत उभी राहते. वाळू भरड हवी. वरच्या उतारांवर टप्पे नसतील तर वाळूऐवजी माती वाहून येते आणि बंधारा चिखलाने भरतो. चिखलातलं पाणी हाताला येत नाही. म्हणूनच मी दुसऱ्या पायरीत फान्या जूऊकडे एवढं बघते. टप्पे आधी, भिंत नंतर. घाई करणाऱ्या काही संस्थांचे चिखलाने भरलेले बंधारे पाहिलेत.

कागद दोन. नदीत बांधायचं म्हणजे जलसंपत्ती प्राधिकरणाची परवानगी. आणि दोन्ही काठांच्या जमीनमालकांशी लेखी करार: पाण्याला जायची वाट सगळ्यांना खुली राहील. हा करार काम सुरू व्हायच्या आधी, चीफच्या सहीने. बंधारा झाल्यावर काठाच्या जमिनीची किंमत वाढते आणि मग वाटेवर कुंपण उगवतं.

बांधायचा काळ जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरच्या पावसाआधी भिंत पूर्ण होऊन तिच्यावर पाणी मारून झालेलं हवं.

आणखी एक शत्रू आहे आणि तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही: वाळूचोर. नैरोबीत इमारती उभ्या राहतात, ट्रक रात्री उकांबानीच्या नद्यांत उतरतात. बंधाऱ्यामागची वाळू गेली की पाणीही गेलं. मकुएनी काउंटीने २०१५ मध्ये वाळू संवर्धनाचा स्वतंत्र कायदा केला. कायदा हाताशी असला तरी रात्री ट्रक कोण अडवणार, हे गटाने आधी ठरवलेलं असावं. आम्ही हा प्रश्न करार करण्याआधीच विचारतो. एका गटाने उत्तर दिलं की ट्रकला वाट दाखवणारे आमच्यातलेच दोन पोरगे आहेत, त्यांनाच राखणदार नेमलंय. तो गट आम्ही लगेच निवडला.

पाणी वर काढायला काही ठिकाणी काठावर विहीर आणि हातपंप असतो. पंप निवडताना एकच प्रश्न: वॉशर कुठे मिळतो आणि किती दिवसांत? सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या हातपंपांपैकी सुमारे एक तृतीयांश कुठल्याही वेळी बंद असतात असा अंदाज बरीच वर्षं मांडला जातो आहे, आणि कारण बहुधा असाच एखादा सुटा भाग असतो. युगांडा, झांबियासारख्या देशांत इंडिया मार्क २ जातीचे पंप भरपूर दिसतात. त्या पंपाचा मूळ नमुना म्हणजे आपला सोलापूर पंप. केनियात मात्र आफ्रीदेव पंपाची चलती आहे. तुम्ही सोलापूरच्या अभिमानापोटी मार्क २ घेऊन गेलात तर वॉशर सोलापूरहूनच पाठवत बसाल.

पायरी ७: काय पाठवू नये

जुने कपडे. केनियात जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे, त्याला मितुंबा म्हणतात, आणि त्यात गठ्ठे स्वस्तात मिळतात. तुमच्या खोक्याच्या जहाजभाड्यात तिथे त्याहून जास्त कपडे येतील.

भिंती रंगवायला येणारे विद्यार्थी. तिथे रंगारी आहे, त्याला काम हवं आहे.

आणि चमकदार यंत्रं. प्लेपंप नावाची गोष्ट झाली. मुलं चक्रावर खेळतील आणि खेळता खेळता पाणी वर चढेल. दक्षिण आफ्रिकेत ही कल्पना निघाली, २००६ मध्ये अमेरिकेतून १.६४ कोटी डॉलरची घोषणा झाली, २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं. मुलं काही दिवसभर खेळत नाहीत. मग ते जड चक्र बायकांनाच फिरवावं लागलं, आणि बिघडलं की दुरुस्ती गावाच्या आवाक्याबाहेर. योजना अर्ध्यातच थांबली. त्या यंत्राची चित्रफीत पाहून मीही तेव्हा भारावले होते, हे कबूल करते.

याउलट केनियातल्या वंगारी मथाईंच्या झाडं लावण्याच्या ग्रीन बेल्ट चळवळीत, १९७७ पासून, बायकांना रोपामागे अगदी थोडे पैसे मिळत, पण रोप लावल्याबद्दल नाही, जगल्यावर. तुमच्या करारात अशी एखादी अट बसते का पाहा.

पायरी ८: हिशेब, फोटो

गटाकडून चौदा पानी अहवाल मागू नका. महिन्याला एक व्हॉट्सॲप ध्वनिसंदेश, तीन फोटो आणि वहीच्या पानाचं छायाचित्र पुरे. काय बिघडलं हे आधी सांगायचं, असा ठराव करा, आणि बिघाड कळवल्यावर हप्ता अडवू नका. एकदा अडवलात की पुढे सगळं छानच चाललेलं ऐकू येईल.

मुलांचे फोटो देणगीच्या पत्रकासाठी वापरू नका. केनियात २०१९ चा डेटा संरक्षण कायदा आहे, पालकांची परवानगी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या भाचीचा शेंबडा फोटो लंडनच्या पत्रकात छापलेला आपल्याला चालेल का?

पायरी ९: प्रवासाचं थोडक्यात

केनियाला जायला जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची पूर्वपरवानगी, काढावा लागतो. पीतज्वराची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या. लशीचं पिवळं कार्ड विसरलात तर परतताना भारतात विमानतळावरून थेट विलगीकरणात जाल. सखल भागात हिवताप आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. प्लास्टिकच्या कॅरीबॅगा बॅगेतून काढून टाका, २०१७ पासून तिथे कडक बंदी आहे. आमच्यातल्या एकाची चिवड्याची पिशवी विमानतळावर राहिली, चिवडा रुमालात बांधून आणला. आणि 'आठवडाभर काम करून येतो' म्हणणाऱ्यांसाठी: पर्यटक म्हणून जाऊन काम करता येत नाही, बिनपगारी सेवेलाही वेगळी परवानगी लागते.

पहिल्या वर्षाचं वेळापत्रक

जानेवारीत पहिली भेट, फक्त ऐकायला. एप्रिलमध्ये दुसरी, पाऊस चालू असताना, म्हणजे नदी वाहते कशी ते दिसेल. मेमध्ये करार, जमीनमालकांच्या सह्या, परवानगीचा अर्ज. परवानगी वेळेत आली नाही तर काम पुढच्या वर्षावर ढकला, मागच्या दाराने सुरू करू नका. जूनमध्ये पाया. सप्टेंबरअखेर भिंत पूर्ण, हिशेबाची वही बैठकीत मोठ्याने वाचून.

ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये पहिला पूर येईल. तुम्हाला लगेच फोन करून विचारावंसं वाटेल, भिंत टिकली का? करू नका. त्या आठवड्यात मका, मूग, तूर पेरायची घाई असते आणि कुणालाही फुरसत नसते. आठ दिवसांनी त्यांचाच फोन येतो.